नोंद झाली, वाचणार कोण?

अंतराळातल्या दुर्बिणीचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद कुठे जाऊन थांबणार हे आधीच सांगता येते. एक जण विचारतो, मे महिन्यात एखाद्या वाड्यावर टँकरची वाट पाहत घागरी रांगेत ठेवलेल्या असतात, सरकारी इस्पितळात खाट मिळायला ओळख काढावी लागते, आणि आपण अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे स्फोट मोजायला कोट्यवधी रुपये वर पाठवायचे? दुसरा उसळून उत्तर देतो, हा देशाच्या अभिमानाचा प्रश्न आहे, शिवाय अशाच संशोधनातून उद्या इस्पितळातली यंत्रे निघतात. महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत, वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत, बाजारातल्या चहाच्या टेबलावर हीच दोन भाषणे आलटून पालटून होतात आणि दोघांनाही टाळ्या मिळतात. माझे म्हणणे असे की गॅमा किरणांचे, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचे, स्फोट टिपणारी दुर्बीण भारताने उडवावी. आयआयटी मुंबई, टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था यांनी मिळून ‘दक्ष’ या जोडउपग्रहांचा जो प्रस्ताव मांडला आहे, त्याला पैसा मिळावा. पण तिच्या बाजूने आपण जी कारणे देतो ती बहुतेक लंगडी आहेत, आणि त्या लंगड्या कारणांच्या गोंधळात खरा प्रश्न हरवतो. दुर्बीण फक्त नोंद करते. शोध लागतो तो नोंद वाचणाऱ्याला. ती वाचणारी माणसे कुठे घडणार, कोणाच्या पगारावर, आणि त्यांत आपल्या गोव्यातल्या फोंडा, डिचोली, केपे इथल्या महाविद्यालयांतली मुले असणार की नाही, यावर वाद व्हायला हवा.

हे स्फोट सापडले कसे, याची हकीकतच मुळात माझ्या बाजूने साक्ष देते. १९६३ साली अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. समोरचा देश लपून अवकाशात बॉम्ब फोडतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने वर पाठवले. गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात वरच्या वर शोषले जातात, जमिनीवरून ते दिसत नाहीत. म्हणून पहारा वरूनच द्यावा लागे. २ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांनी एक झळक नोंदवली. ती बॉम्बची नव्हती. मग काय होते? नोंद पडून राहिली. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांनी १९६९ मध्ये जुन्या नोंदी हाताने चाळल्या तेव्हा ती नजरेस आली. पुढच्या, जास्त नेमके घड्याळ असलेल्या वेला उपग्रहांमुळे झळक कोणत्या उपग्रहाला आधी आणि कोणत्याला नंतर दिसली हे मोजता आले, आणि त्यातून दिशा ठरली. पृथ्वी नाही, सूर्यही नाही. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातले असे १६ स्फोट घेऊन १९७३ मध्ये निबंध छापला गेला. उपकरणाने एका क्षणात जे पाहिले, ते माणसाला कळायला सहा वर्षे लागली. गुप्त लष्करी उपग्रहांच्या त्या ढिगात कोणी हात घातला नसता तर आजही ती झळक ‘बॉम्ब नव्हे’ एवढ्या शेऱ्याखाली बंद राहिली असती.

आणि वाद कसा घालावा याचाही धडा याच विषयात आहे. १९९१ मध्ये कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. नऊ वर्षांत तिच्यावरच्या उपकरणाने २,७०४ स्फोट टिपले, आणि ते आकाशाच्या सगळ्या दिशांना सारखे विखुरलेले निघाले. आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटी नव्हती. याचा अर्थ ते आपल्या आकाशगंगेभोवतीच्या प्रचंड प्रभामंडलातून येतात की विश्वाच्या दूरच्या टोकांवरून? एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बोहदान पाचिन्स्की आणि डॉन लॅम्ब या खगोलशास्त्रज्ञांनी यावर जाहीर वाद केला; पाचिन्स्की दूरच्या टोकांच्या बाजूने, लॅम्ब प्रभामंडलाच्या. दोघांच्या हातात तीच आकडेवारी होती, दोघांचे तर्क भक्कम होते, आणि टाळ्यांवर काहीच ठरणार नव्हते. ठरवले ते दोन वर्षांनी, हॉलंडच्या मदतीने इटलीने उडवलेल्या ‘बेप्पोसॅक्स’ या उपग्रहाने. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर काही तासांत त्याने आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली आणि मागे उरलेली मंदावती चमक पकडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाच्या चमकेचा वर्णपट हवाईच्या केक दुर्बिणीने घेतला, आणि ती अब्जावधी प्रकाशवर्षांवर असल्याचे सिद्ध झाले. पाचिन्स्की बरोबर ठरले. इटली काही महासत्ता नव्हती. आपल्याकडच्या वादात मला खटकते ते हेच, की कोणता पुरावा समोर आला तर मी माझे मत बदलेन, हे दोन्हीकडचा कोणीच सांगत नाही.

म्हणून विरोधकांचे म्हणणे आधी नीट ऐकू या. पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो मूर्खपणाचा मुळीच नाही. खर्च झालेला रुपया दुसऱ्या कामाला लागू शकला असता, हे कोणीही नाकारू नये. ‘ॲस्ट्रोसॅट’ हा भारताचा पहिला खगोलशास्त्रीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये सांगितला गेला. मांडवीवरच्या तिसऱ्या पुलाला याच्या कित्येक पट लागले असे म्हणून विरोधकाचे तोंड बंद करता येते, पण तसे करू नये, कारण पुलावरून माणसे रोज जातात आणि गॅमा किरणांनी कोणाचे पोट भरत नाही. मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा: टँकर येतो तो पाण्याला पैसा नाही म्हणून की जलवाहिनीच्या गळतीचा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणून? रस्ता एका पावसात उखडतो तो डांबराला निधी नाही म्हणून की कंत्राटदाराचे काम मोजून घेणारा अभियंता तिथे उभा नसतो म्हणून? आपली बहुतेक सार्वजनिक दुखणी मोजणीच्या अभावाची आहेत. मोजायचे कसे, मोजमापात चूक किती आणि त्या चुकीसकट निष्कर्ष कसा काढायचा, हे शिकवणारी शाळा बंद करून त्यातली एकही गळती थांबणार नाही. ‘आधी सगळे प्रश्न सुटू देत, मग विज्ञान’ ही क्रमवारी तर कालगणनेलाही धरून नाही. ॲस्ट्रोसॅटची कल्पना १९९० च्या दशकातली, मंजुरी २००४ ची, उड्डाण २०१५ चे. आज ज्या मुलीने हा विषय शिकायला घ्यायचा, ती तयार होईपर्यंत दोन निवडणुका उलटून गेलेल्या असतात.

आता समर्थकांकडे वळतो, कारण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. अभिमानाचा मुद्दा उड्डाणापाशी संपतो. अग्निबाण वर गेला, शाळेच्या सभागृहात मुलांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छायाचित्र आले. पुढे? पाच वर्षांच्या हिशेबाने बनवलेला ॲस्ट्रोसॅट दहा वर्षे झाली तरी नोंदी पाठवत राहिला. त्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने २०२३ च्या अखेरीपर्यंत सहाशेच्या वर गॅमा स्फोट टिपले. ही बातमी किती जणांनी वाचली? अभिमान बाळगायचाच असेल तर त्या सहाशे नोंदी रात्री-अपरात्री बसून तपासणाऱ्या मुलामुलींचा बाळगावा. शिवाय या विषयात एकट्या देशाचा अभिमान फारसा टिकतच नाही. एका उपग्रहाला स्फोट दिसतो, सूचना काही सेकंदांत जगभर जाते, कोणी चिलीतून, कोणी लडाखमधल्या हानलेहून, कोणी नारायणगावजवळच्या खोडद इथल्या रेडिओ दुर्बिणींतून त्या जागेकडे पाहतो. पुरावा सगळ्यांच्या तुकड्यांतून जुळतो.

उपयोगाचा मुद्दाही तसाच. सीझेडटीआयमध्ये कॅडमियम झिंक टेल्युराइडचे स्फटिक आहेत, आणि त्याच पदार्थाचे डिटेक्टर हृदयाच्या अणुवैद्यकीय तपासणीच्या कॅमेऱ्यांतही बसवतात, हे खरे आहे. पण इस्पितळाला कॅमेरा हवा असेल तर सरळ कॅमेऱ्यावर पैसे घालावेत. त्यासाठी तारा मरण्याची वाट कशाला पाहायची? हा युक्तिवाद विरोधकाच्या हातात कोलीत देतो. मग भीतीचा मुद्दा पुढे येतो. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरून आला, तरी आयनांबराला, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराला, त्याने धक्का दिला, भारतात आकाशातली वीज टिपणाऱ्या यंत्रांनाही तो जाणवला. विलक्षण गोष्ट आहे, सांगावी. पण ‘उद्या असा स्फोट आपल्यावर पडेल’ म्हणून लोकांना घाबरवून निधी मागणे मला मान्य नाही. या स्फोटांचा अभ्यास करायचा तो ते खरोखर घडतात म्हणून. काही सेकंदांत सूर्य आपल्या साऱ्या आयुष्यात ओतेल तेवढी ऊर्जा बाहेर पडते, प्रचंड तारा कोसळून कृष्णविवर जन्मते किंवा दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळतात, आणि त्या आदळण्यातून सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार होतात. ज्या राज्यात दर घरच्या लग्नात सोन्याच्या तोळ्याचा भाव चर्चेला असतो, तिथे ते सोने आले कुठून हे जाणण्याची इच्छा श्रीमंतांची चैन कशी ठरते?

सगळ्यात बळकट आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो वादविवाद स्पर्धांत क्वचित ऐकू येतो. गॅमा स्फोट टिपणारी अमेरिकेची ‘स्विफ्ट’ दुर्बीण २००४ पासून वर आहे, ‘फर्मी’ २००८ पासून. त्यांच्या नोंदी सगळ्या जगाला फुकट उघड्या आहेत. चीन आणि फ्रान्स यांची ‘स्वोम’ जून २०२४ मध्ये गेली. मग नोंद वाचणे हेच मोठे काम आहे असे मी म्हणत असेन, तर दुसऱ्यांच्या नोंदी वाचा की! आपली दुर्बीण कशाला? या आक्षेपाने मला बराच काळ विचारात पाडले. त्याचे उत्तर १७ ऑगस्ट २०१७ च्या दिवसात आहे. त्या दिवशी तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशाला ताणत-आकसत जाणाऱ्या लाटा, पृथ्वीवर पोचल्या, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची झळक आली. फर्मीने ती टिपली, युरोपच्या ‘इंटिग्रल’ने टिपली. स्विफ्टला आणि ॲस्ट्रोसॅटला मात्र ती दिसली नाही. उपकरणे बिघडली नव्हती. त्या क्षणी दोन्ही उपग्रह पृथ्वीच्या नेमके चुकीच्या बाजूला होते, मध्ये अख्खी पृथ्वी आडवी आली होती. पृथ्वीजवळच्या कक्षेतल्या कोणत्याही उपग्रहाचे जवळजवळ एक तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकते. म्हणून ‘दक्ष’मध्ये दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना, अशी आखणी आहे: एकाला झाकलेले दुसऱ्याला उघडे. स्विफ्ट आणि फर्मी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, स्विफ्टची कक्षाही खाली उतरते आहे. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाच्या वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले आहेत. गुरुत्वीय लहरी ऐकायला एवढा खर्च करायचा आणि त्याच क्षणाची झळक पाहायला वर कोणी नाही, हा कोणता हिशेब?

त्याच आक्षेपाला दुसरेही उत्तर आहे, आणि ते मला जास्त पटते. आपल्या हाताने बनवलेल्या उपकरणाचे गुणदोष आपल्याला ठाऊक असतात, दुसऱ्याच्या उपकरणाची फक्त माहितीपुस्तिका हाती येते. सीझेडटीआय हे मुळात आकाशाचा छोटा भाग बघण्यासाठी बनवलेले उपकरण. पण किरणांची ऊर्जा साधारण शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचे माप) वर गेली की त्याच्या भिंतीच किरणांना पारदर्शक होऊ लागतात. हा दोष मानता आला असता. टाटा संस्थेतल्या आणि आयुकातल्या लोकांना तो कळला होता, आणि त्यांनी त्याचाच उपयोग केला: किरण भिंतींच्या आरपार जातात, तर हे उपकरण बाजूने येणारे स्फोटही पकडेल. ६ ऑक्टोबर २०१५ ला, चालू केल्याच्या पहिल्याच दिवशी, त्याने एक स्फोट टिपला. शिवाय एखादा किरण एका चौकोनात आपटून उसळतो आणि शेजारच्या चौकोनात थांबतो, तेव्हा दोन नोंदी एकदम होतात. अशा जोडनोंदी गाळून टाकायच्या ऐवजी जपून ठेवल्या, कारण किरण कोणत्या दिशेला जास्त उसळले यावरून त्यांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनांचा कल, कळते, आणि ध्रुवणावरून स्फोटाच्या झोतातले चुंबकीय क्षेत्र शिस्तीत आहे की विस्कटलेले याचा अंदाज बांधता येतो. असे मोजू शकणारी उपकरणे जगात मोजकी होती.

ही नोंद प्रत्यक्षात दिसते कशी, ते जवळून सांगायला हवे. सीझेडटीआयमध्ये डिटेक्टरचे चार चतुर्थांश आहेत, मिळून ६४ तुकडे आणि १६,३८४ चौकोन, प्रत्येक चौकोन जेमतेम अडीच मिलिमीटरचा. प्रत्येक किरण कोणत्या चौकोनावर, किती ऊर्जेने, कोणत्या क्षणी पडला हे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत लिहिले जाते. पडद्यावर येतो तो खरबरीत आलेख: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर दर सेकंदाचे किरण. उपग्रह सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो, तसतशी आलेखाची तळरेषा वरखाली डुलते. त्यात मध्येच उंचवटा दिसतो. स्फोट? थांबा. एखादा चौकोन बिघडून एकटाच टकटकत असेल. वैश्विक किरण उपग्रहाच्या सांगाड्यावर आपटून काही मायक्रोसेकंदांत डझनभर चौकोन एकदम पेटवून गेला असेल. दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्याची किनार लागली असेल. म्हणून आधी खराब चौकोन काढायचे, झुंडीने आलेल्या नोंदी काढायच्या, आणि मग चारही चतुर्थांशांचे आलेख एकाखाली एक लावायचे. चौघांत एकाच क्षणी उंचवटा असेल तर पुढे बोलायचे. झळकेच्या आधीची आणि नंतरची तळरेषा धरून मधली वजा करायची. ती किती लांब धरली यावर उत्तर बदलते, मग का बदलते ते शोधायचे. हे काम साध्या लॅपटॉपवर होते. त्याला लागते ते संख्याशास्त्र, थोडी प्रोग्रॅमिंग, आणि ‘मला हवे आहे म्हणून दिसते आहे का?’ हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारण्याची सवय.

या सवयीचे मोल जानेवारी २०१७ मध्ये दिसले. ४ तारखेला गुरुत्वीय लहरींची एक नोंद झाली. त्याच सुमारास हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीला आकाशाच्या त्याच भागात मंदावत जाणारा ठिपका दिसला. दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा प्रकाश सापडला की काय, अशी जगभर कुजबुज सुरू झाली. तसे असते तर ती ऐतिहासिक गोष्ट ठरली असती. सीझेडटीआयच्या नोंदी चाळणाऱ्या भारतीय गटाला दिसले की लहरींनंतर सुमारे २१ तासांनी एक स्वतंत्र गॅमा स्फोट झाला होता, आणि तो ठिपका त्या स्फोटाची मागे उरलेली चमक होता. दोन घटना, योगायोगाने शेजारी. मोठा दावा टळला तो पुण्यामुंबईत बसलेल्या काही जणांनी आलेख नीट वाचला म्हणून.

‘हे सगळे आता संगणकच करेल, माणसे कशाला?’ असेही विचारले जाते. संगणक करतोच, आणि करावेच. दिवसाकाठी येणाऱ्या नोंदी माणूस एकट्याने चाळूच शकणार नाही. पण पुन्हा त्या १७ ऑगस्टला या. गुरुत्वीय लहरी ऐकणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांपैकी लिव्हिंग्स्टनच्या उपकरणात ऐन वेळी खरखरीचा मोठा ठोका आला होता, म्हणून स्वयंचलित प्रणालीने तिथली नोंद जमेस धरली नाही. हॅनफर्डची नोंद आणि फर्मीची झळक यांच्या वेळा जवळ आहेत हे पाहून माणसांनी लिव्हिंग्स्टनचा आलेख उघडला, आणि खरखरीच्या आरपार जाणारी ती चढती रेषा डोळ्यांनी दिसत होती. ती धरली म्हणून जागा ठरली, जागा ठरली म्हणून त्याच रात्री चिलीतल्या दुर्बिणीला त्या टकरीची चमक एका दूरच्या दीर्घिकेत सापडली. डिसेंबर २०२१ मधला एक स्फोट तर सुमारे मिनिटभर चालला. दोन सेकंदांहून लांब तो कोसळत्या ताऱ्याचा, हा शिरस्ता. प्रणालीच्या खान्यात तो तिथेच पडला. पुढे त्याच्या चमकेत जड मूलद्रव्यांची खूण निघाली आणि खाना चुकीचा असल्याचे कळले. खाने बनवणारा माणूस असतो, तसे ते मोडायलाही माणूसच लागतो.

उरतो शेवटचा आक्षेप, आपल्या अंगणातला: यातून गोव्याला काय? हे सगळे पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला, अहमदाबादला. हे म्हणणे मी जसेच्या तसे मान्य करतो. पण त्यातून निघणारी मागणी ‘आम्हाला वाटा द्या’ अशी असायला हवी. ‘दुर्बीण नको’ ही मागणी त्यातून निघत नाही. आपण लांबच्या नोंदी वाचू शकत नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने वास्कोला हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात जावे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. नेते होते दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. एस. झेड. कासिम. तेव्हा गोव्यातल्या सगळ्या वाड्यांवर नळ पोचले होते का? आज मैत्री आणि भारती या बर्फातल्या केंद्रांचा कारभार याच सड्यावरून चालतो, तिथल्या बर्फाच्या थरांचे विश्लेषण इथे होते. ‘अंटार्क्टिकाचा गोव्याला उपयोग काय’ असे विचारणारा आता भेटत नाही, कारण तिथे आपली माणसे नोकरीला आहेत.

उलट, नोंद इथे आणि वाचन दुसरीकडे, असे झाले की काय उरते हेही गोव्याने पाहिले आहे. ऑक्टोबर १६१८ मध्ये गोव्यात उतरलेल्या जेझुइट पाद्र्यांनी पुढच्याच महिन्यात आकाशात उगवलेल्या धूमकेतूंची निरीक्षणे केली. त्यांतल्या किर्विट्झरचे टिपण १६२० मध्ये युरोपात छापले गेले. छापखाना इथे नव्हता अशातला भाग नाही. राशोलला १६१६ मध्ये मराठी ग्रंथ छापून निघाला होता. आकाश इथले, रात्री इथल्या, पण निरीक्षण वाचून वाद घालणारे विद्वान तिकडे. गोव्याच्या वाट्याला एक तळटीप आली. याच मातीत जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी नेमके उलटे करून दाखवले. तक्षशिलेला सापडलेली नाणी संग्रहालयांत पडून होती, त्यांच्या याद्या झालेल्या होत्या. या गणितज्ञाने हजारो नाणी एकेक करून तराजूवर घातली, हाताळणीने नाणे किती झिजते याला संख्याशास्त्र लावले, आणि कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा क्रम त्या झिजेतून काढला. नाणी त्यांनी खणली नव्हती. गॅमा स्फोटाच्या आलेखातून तळरेषा वजा करणारा विद्यार्थी याच जातीचे काम करतो.

मग गोव्याने नेमके मागायचे काय? नव्या वेधशाळेची इमारत नको. जमीन, कोनशिला आणि उद्घाटन यांच्या वादात दहा वर्षे जातात, हे गोव्याच्या आयआयटीच्या जागेवरून आपण पाहिलेच आहे. पर्सिव्हल नोरोन्हा यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या खगोलप्रेमींच्या संघटनेने पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून कित्येक पिढ्यांना शनीची कडी दाखवली, ती हौसेवर. पुढची पायरी हौसेवर चढता येत नाही, तिथे पगार लागतो. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्प आणला आहे, आणि आमच्या महाविद्यालयांत त्यासाठी विषय शोधण्याची धावपळ चालते. ॲस्ट्रोसॅटच्या आणि फर्मीच्या नोंदी उघड्या आहेत. भौतिकशास्त्राच्या दोन-तीन प्राध्यापकांना आठवड्यातले निम्मे तास शिकवण्यातून मोकळे करावे, त्यांना एक हंगाम आयुकात बसून सीझेडटीआयची विश्लेषणपद्धती शिकू द्यावी, आणि मुलांना दोन वर्षांची अशी शिष्यवृत्ती द्यावी की घरचे लोक ‘त्यापेक्षा जहाजावर जा’ म्हणणार नाहीत. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायलाही भिंग लागेल. ‘दक्ष’ला मंजुरी देताना केंद्राने एकूण खर्चाचा ठरावीक हिस्सा केवळ नोंदी वाचणाऱ्यांच्या पगारासाठी, आणि त्यातला काही मोठ्या संस्थांबाहेरच्या महाविद्यालयांसाठी, आधीच बाजूला काढावा, ही मागणी आपल्या खासदारांनी करावी. आणि ज्यांना हा सगळा खर्चच नको आहे, त्यांनी आपला विरोध जरूर चालू ठेवावा. फक्त पुढच्या वेळी व्यासपीठावर येताना किती पैसा, कुठून काढून, कोणत्या वाड्यावर, आणि तो तिथे पोचला हे मोजणार कोण, एवढे सोबत लिहून आणावे.